काळी, पांढरी आणि पंढरी

(दिंडीच्या शतकमहोत्सवी मेळाव्यात पुणे मुक्कामी झालेले भाषण)

  



आपल्या दिंडीला यंदा १०० वर्षं झाली, त्यानिमित्त चार शब्द बोलायची आज्ञा झाली. कीर्तनाला उभं राहायचं तर पुढं अभंग लागतो. आज कीर्तन नाही, भाषण आहे. तवा आम्ही अभंग लावणार नाही. आज आम्ही जमीन लावणार आहोत. आपण सगळे मातीतले. दिंडीतली दहा माणसं उभी केली तर त्यातली आठ कुणब्याची, माळ्याची, नाहीतर ज्यांचं पोट कुणब्याच्या खळ्यावर चालत होतं त्यांची. मग त्या मातीत आपल्या पूर्वजांनी घाम कसा गाळला, कुणाच्या रानात गाळला आणि ते रान कसं बदलत गेलं, हे दिंडीच्या पुस्तकात नको का यायला? आम्ही चौथी शिकलेलो. पण पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे, पेशवे दप्तर आहे. तिथले कागद वाचून जाणत्या लोकांनी पुस्तकं लिहिली. ती आम्ही सवडीनं वाचली, काही पोरांकडून वाचून घेतली आणि औतामागं चालून जे कळलं होतं ते त्याला जोडून पाहिलं. तेच तुमच्यापुढं ठेवतो.

आधी एक सोपा प्रश्न. ज्ञानेश्वरी शके १२१२ ला, म्हणजे इसवी सन १२९० साली नेवाशात सांगितली गेली. त्या दिवशी नेवाशातल्या कुणब्यानं भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खाल्ला असेल का? तुम्ही म्हणाल, खाल्ला असणारच, त्याशिवाय भाकरी उतरते का! नाही माऊली. त्या वक्ताला आपल्या मुलखात मिरचीच नव्हती. मिरची आली समुद्रापलीकडनं, अमेरिकेतनं, पोर्तुगीज लोकांबरोबर. त्यांनी गोवा घेतलं १५१० साली, त्याच्यानंतरची ही गोष्ट. त्याआधी तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आलं. मका तसाच आला, तंबाखू तशीच आली, पेरू, पपई, बटाटा तसेच आले. ज्ञानोबांना आणि नामदेवरायांना मिरची माहीत नव्हती. तुकोबांच्या काळापर्यंत ती मुलखात येऊन पोचली होती.

हे कशाला सांगितलं? आपण म्हणतो, "आमची शेती वाडवडलांपासून हीच आहे." ती हीच नव्हती. पीक बदललं, राबणारा बदलला, जमिनीचा धनी बदलला. एक गोष्ट मात्र तशीच राहिली: कुणब्याला एकट्यानं शेती कधी जमली नाही. आजच्या बोलण्याचं सार एवढंच आहे.

आता काळी आणि पांढरी म्हणजे काय ते नव्या पोरांसाठी सांगतो. जुन्या कागदात गावाचे दोन भाग असतात. जिथं घरं, तट, देऊळ, ती पांढरी. जिथं पीक, ती काळी. कुणब्याचं मन काळीत आणि बिऱ्हाड पांढरीत. भांडण झालं, वतनाचा निवाडा झाला, की काळी-पांढरीची साक्ष निघायची. आणि वारकऱ्याला तिसरी एक जागा होती, ती पंढरी. काळीत पेरायचं, पांढरीत राहायचं आणि पेरणी झाली की पंढरीला जायचं.

त्या काळात माणसं थोडी आणि जमीन उदंड होती. पण उदंड जमीन म्हणजे सुख असं समजू नका. काळी जमीन खोल नांगरायची तर जुन्या लाकडी नांगराला दोन बैल पुरत नव्हते. चार लागत, भारी रानात सहा-आठ लागत. आठ बैल कुठल्या कुणब्याच्या दावणीला असायचे? कुणाचे दोन, कुणाचा एकच. मग काय करायचं? सावड करायची. आज तुझ्या रानात माझे बैल, उद्या माझ्या रानात तुझे. नाहीतर इर्जिक घालायची. सगळ्या भावकीची, शेजाऱ्यांची औतं एका दिवशी एका रानात. सांजच्याला मालकानं जेवण घालायचं, मजुरीचा पैसा कुणी मागायचा नाही. ही इर्जिक आमच्या लहानपणापर्यंत होती, इथं बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींनी ती बघितलीय. ट्रॅक्टर आला, तिला गरज उरली नाही. गरज गेली तसा शेजारीही गेला.

दुसरं, बलुतं. सुतारानं नांगर भरून द्यायचा, लोहारानं फाळ शेवटायचा, चांभारानं मोट शिवायची, कुंभारानं गाडगी-मडकी पुरवायची. रोख पैसा कुणी कुणाला देत नव्हतं. सुगीला खळ्यावर तिवड्याभोवती बैल फिरले, मळणी झाली, रास पडली, की ज्याच्या त्याच्या वाट्याचं धान्य आणि पेंढ्या. आपल्या संतांची नावं घ्या. गोरोबाकाका कुंभार, सेना महाराज न्हावी, नरहरी महाराज सोनार, चोखोबा महार, सावता महाराज माळी. ही नुसती संतांची माळ नाही माऊली, गावगाड्यात राबणाऱ्यांची ही हजेरी आहे. गाव ज्यांच्या हातावर चालत होतं, ते हात जोडले तवा पंथ उभा राहिला.

पण म्हणून सगळं गोड होतं असं आम्ही सांगणार नाही. चोखोबांचं मरण आठवा. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललेलं, तिथं राबताना भिंत पडली आणि त्याखाली ते गेले. साल १३३८ सांगतात. नामदेवरायांनी अस्थी ओळखल्या त्या विठ्ठल नामावरनं. हे आपण कीर्तनात सांगतो आणि डोळे पुसतो. पण त्या कामाचं नाव काय होतं ते सांगत नाही. गावकीचं काम खालच्या माणसाच्या वाट्याला यायचं, त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. त्याला वेठ म्हणत, वेठबिगार म्हणत. जनाबाई कोण? नामदेवरायांच्या घरची दासी. त्यांना देवानं दळू लागलं, कारण माणसांच्या राज्यात दासीला दळू लागायला कुणी येत नव्हतं. पुढं पेशवाईतसुद्धा कुणबिणी ठेवायची चाल होती. कुणबीण म्हणजे विकत घेतलेली बाई. तिची खरेदी-विक्री व्हायची, त्याचे कागद आहेत. ती घरात राबायची, रानातही राबायची. चांगलं तेवढं उचलायचं आणि वाईट झाकायचं, हे वारकऱ्याला शोभत नाही.

आता दुष्काळाकडं या, कारण आपल्या मुलखात जमिनीचा इतिहास दुष्काळानं लिहिलाय. दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ पासून १२ वर्षं होता असं परंपरा सांगते. गावंच्या गावं ओस पडली. पुढं असाच एक दुष्काळ पडला तवा मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाची कोठारं उघडून लोकांना धान्य वाटलं. ही गोष्ट आपण देवाच्या लीलेसाठी सांगतो. पण तिच्यात एक जमाखर्चही आहे. कोठारातलं धान्य आलं कुठनं? कुणब्याच्या खळ्यातनं साऱ्याच्या रूपानं गेलेलं ते धान्य. दामाजींनी कुणब्याचंच कुणब्याला परत दिलं.

मग आलं १६३०. त्या दोन-तीन वर्षांत दख्खन आणि गुजरात दोन्हीकडं पाऊस रुसला. तुकोबारायांचं घर देहूतलं महाजनकीचं, सावकारीचं. त्या दुष्काळात त्यांची पहिली बायको रखमाबाई गेली, मुलगा गेला, गुरं गेली, दुकान बसलं. त्याच सुमाराला पुण्याची काय दशा झाली ऐका. आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं पुणं जाळलं आणि गाढवाचा नांगर फिरवला. पहार ठोकली, तिला फाटकी वहाण आणि केरसुणी बांधली, म्हणजे इथं पुन्हा कुणी वस्ती करू नये. आज जिथं आपण मांडव घालून बसलोय, त्या पुण्याची पांढरी अशी उजाड झाली. काळीत जंगल वाढलं. लांडगे इतके माजले की ते मारणाऱ्याला बक्षीस द्यायची वेळ कारभाऱ्यांवर आली, असं सांगतात.

अशा वक्ताला तुकोबांनी काय केलं? बापजाद्यांनी लोकांना दिलेल्या कर्जाची खतं होती. वाटणी केली. भावाचा हिस्सा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली. आपण त्याला वैराग्य म्हणतो. वैराग्य आहेच. पण कर्जदार कुणब्याच्या बाजूनं बघा. दुष्काळात बैल मेलेत, बियाणं खाऊन झालंय, अंगावर खत आहे. पाऊस पडला तरी तो पेरणार कसा? पिकलं की आधी सावकार येणार. ज्या दिवशी ते खत पाण्यात गेलं, त्या दिवशी त्या कुणब्याच्या रानात पेरा झाला असेल. आमच्या मते देहूच्या त्या डोहात बुडालेल्या कागदांनी काही घरं तरली.

तुकोबांच्या चरित्रात आणखी एक गोष्ट येते. शेजारच्या शेतकऱ्यानं त्यांना ज्वारीची राखण करायला ठेवलं. महाजनाचा मुलगा, आता मजुरीवर राखणदार! त्यांनी पाखरं हाकलली नाहीत. शेतकऱ्यानं तक्रार केली, पंच बसले. आणि खळं केलं तर कणसातनं अंदाजाच्या बाहेर धान्य निघालं. वरचं धान्य तुकोबांनी घेतलं नाही, ते देवाच्या कामाला लावलं. चमत्कार बाजूला ठेवा. आमचा मुद्दा एवढाच, की आपले जगद्गुरू दुसऱ्याच्या रानात मजुरीला उभे राहिले होते. तवा मजुराकडं बघताना जरा जपून बघत जावं.

आता उजाड मुलूख पुन्हा वसला कसा, ते ऐका. जिजाऊसाहेब बाल शिवबांना घेऊन पुण्यात आल्या. कसब्याच्या गणपतीची स्थापना झाली, लाल महाल उभा राहिला आणि पुण्याच्या भूमीत सोन्याचा नांगर चालवला. सोन्याच्या नांगरानं रान निघत नाही, हे आपल्याला माहीत आहे. तो नांगर गाढवाच्या नांगराला उत्तर होता. लोकांच्या मनातली भीती त्यानं नांगरून काढली. खरी नांगरट केली ती कौलानं. कौल म्हणजे सरकारचा लेखी शब्द: "या, पडीक जमीन लावा. पहिल्या वर्षी सारा नावापुरता, मग दर साली थोडा थोडा वाढत जाईल, रान पुरतं रुळलं की पुरा दर." या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. बघा, केवढं शहाणपण आहे! पहिल्या दोन-तीन वर्षांत हरळी काढायची, कुंदा खणायचा, बांध घालायचा, त्यात हातात काय येतं? ज्यानं रान मोडलंय त्यालाच हे कळतं.

कौल घेऊन आले ते कोण होते? इथं दोन शब्द समजून घ्या: मिरासदार आणि उपरी. मिरासदार म्हणजे जमिनीचा वंशपरंपरेचा धनी. त्याला थळकरीही म्हणत. त्याचा गावात मान, पानसुपारी, गोतसभेत बसायचा हक्क. तो जमीन विकू शकत होता. दुष्काळात परागंदा झाला आणि बऱ्याच वर्षांनी परत आला तरी त्याचा हक्क मानत. निजामशाहीत मलिकंबरानं, जो १६२६ साली वारला, या मिराशीला आधार दिला आणि साऱ्याला धारा बांधून दिला. उपरी म्हणजे परगावचा, बाहेरनं आलेला. कुणाचं कूळ संपलं, त्याची जमीन गतकूळ झाली, ती पाटलानं उपऱ्याला लावून द्यायची. त्याला मान नाही, सभेत जागा नाही, कायमचा हक्क नाही. साल भरलं की उठवता येतो. त्यालाही साल भरलं की उठून जाता येतं.

माऊली, गाव ओस पडलं तवा ते कुणी जगवलं? मिरासदार होते तेही राबलेच. पण पडलेली काळी पुन्हा हिरवी करायला उपऱ्याचेच हात लागले. आणि पुष्कळ ठिकाणी पिढ्या गेल्यावर त्याच उपऱ्यानं गावाला पैसे भरून मिरासपत्र करून घेतलं आणि तो मिरासदार झाला. आज जे छाती काढून सांगतात की आम्ही मूळचे, त्यांच्यातल्या किती जणांचा पणजा-खापरपणजा खांद्यावर नांगर टाकून कुठल्यातरी वेशीतनं आत आला असेल, हे विठ्ठलाला माहीत.

शिवाजी महाराजांनी या कामाला रीत दिली. जमिनीची मोजणी केली, त्यात अण्णाजी दत्तोंचं नाव येतं. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत हिशेब आहे: २० काठी लांब, २० काठी रुंद म्हणजे एक बिघा, १२० बिघ्यांचा एक चावर. पिकाचे पाच वाटे करायचे, तीन रयतेचे, दोन सरकारचे. आणि १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना त्यांनी पत्र लिहिलं. त्याचा मतलब आम्ही आमच्या बोलीत सांगतो. गावोगाव फिरा. कुणबी गोळा करा. ज्याच्या अंगात बळ आहे पण बैल नाही, नांगर नाही, पोटाला दाणा नाही, त्याला बैलासाठी पैसे द्या, खायला खंडी-दोन खंडी धान्य द्या. व्याज घेऊ नका. त्याला ताकद येईल तसं मुद्दल हळूहळू घ्या. आम्हाला या पत्राची गोम कळली ती अशी: महाराजांनी आधी माणूस धरला आणि मग जमीन धरली. माणूस उभा राहिला की रान आपोआप उभं राहतं.

याच काळात कुणब्याच्या हातात दोन हत्यारं होती. मिरगाला नांगर आणि दसऱ्याला भाला. पावसाळ्यात लष्कर घरी, दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर. मग सुगी कुणी केली? पाखरं कुणी राखली? मळणी कुणी उरकली? बायांनी. खुरपणी तर सदाचीच बायांची. इतिहासाच्या पुस्तकात लढाईची तारीख सापडते. त्या दिवशी घरी ज्वारी कुणी काढली, ते सापडत नाही. पुढं १६८५ साली तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी देहूहून पादुका पालखीत ठेवून वारी सुरू केली. तवापासून बघा, ज्येष्ठ वद्यात निघायचं आणि आषाढी एकादशीला पोचायचं. मिरगाची पेरणी उरकलीय, खुरपणी अजून यायचीय, त्या सांदीत वारी बसवलीय. कुणब्याच्या कामाच्या वहीला धरून हे पंचांग आहे. आणि मागं राहिलेल्या रानाला कुणी बघायचं? घरच्या बायांनी, शेजाऱ्यानं, गड्यानं. आपण वारी करतो ती दुसऱ्याच्या सावडीवर करतो.

आता पुण्याच्या जमिनीचं पुढं काय झालं? पेशवाई आली, शहर फुगलं. १७५० च्या सुमाराला कात्रजचं पाणी नळानं शहरात आलं. शेताच्या पेठा झाल्या. सदाशिव पेठ आहे ती मौजे नायगावच्या रानावर. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला उतरते. तिथं निवडुंगाची जाळी होती, त्यात मूर्ती सापडली म्हणून ते नाव. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत उतरते. आज तिथं पाय ठेवायला जागा नाही. काळीची पांढरी झाली ती अशी.

आणि शहराच्या आसपासच्या गावांचं ऐका. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉक्टर हॅरोल्ड मान यांनी पिंपळे सौदागर गावाची घर अन् घर, पट्टी अन् पट्टी तपासणी केली आणि १९१७ साली पुस्तक छापलं. त्यात आकडे आहेत. १७७१ साली त्या गावात सरासरी वहिवाट ४० एकराची होती. १८१८ साली साडेसतरा एकर. १९१५ च्या सुमाराला ७ एकर. आणि ते ७ एकरही एका जागी नाहीत, तुकडे तुकडे. आज पिंपळे सौदागरला जा. नांगर दिसणार नाही, उंच उंच इमारती दिसतील.

म्हणजे फिरलं कसं बघा. शिवकाळात जमीन स्वस्त होती आणि माणूस महाग होता. म्हणून राजा कुणब्याला आर्जवानं बोलवायचा, कौल द्यायचा, बैल द्यायचा. आता जमीन महाग झाली आणि माणूस स्वस्त झाला. गुंठ्याचा भाव पोराला तोंडपाठ आहे, पण खुरपणीला येणाऱ्या बाईचं नाव त्याला माहीत नाही. विकू नका असं आम्ही सरसकट सांगत नाही. ज्याच्या घरी आजारपण आहे, लेकीचं लग्न आहे, तो काय करील? पण विकायचं तर एकट्यानं, रात्रीतनं, दलालाच्या गाडीत बसून विकू नये. हडपसरला दोन्ही पालख्या जातात. तिथल्या मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी साधारण ४०० एकर रान एकत्र ठेवून त्याचं नगर उभं केलं आणि भागीदार म्हणून ते तिथंच राहिले. शेती गेली ती गेलीच. पण सावड टिकली म्हणून माणसं हटली नाहीत. गाव करील ते राव काय करील, ते हेच.

आता शेवटचं आणि आम्हाला खरं सांगायचं ते. आज उपरी कोण आहे? आपल्या उसाला कोयता लावणारा, आपल्या कांद्याची लागण करणारा, बीड-जालन्याकडनं, नाहीतर थेट बिहारकडनं आलेला. रानाच्या कडेला पाचटाच्या खोपीत राहतो. त्याचं पोर आपल्या शाळेच्या भिंतीबाहेर उभं असतं. आपल्या सप्त्याच्या पंगतीला तो लांब उभा राहतो, कुणी हाक मारली तर येतो. हाक मारतं कोण? आपल्या दिंडीत मालक चालतात, त्यांचा सालगडी मागं गोठ्यात असतो. १०० वर्षांत दिंडीची भिशी मोठी झाली, तंबू मोठे झाले, ट्रक आले, ही पांडुरंगाची कृपा. पण पंढरीच्या वाळवंटात मिरासदार आणि उपरी असा भेद नाही, हे सांगणारा पंथ आपला. मग तो भेद आपल्या बांधावर कसा?

म्हणून शतकाच्या या वर्षी दिंडीपुढं आम्ही तीन मागण्या ठेवतो. दिंडीचे मालक आणि पंच मंडळी यांनी त्या मनावर घ्याव्यात.

पहिली. दिंडीत चालणाऱ्या ज्या ज्या घरी सालगडी आहे, त्याला त्याच्या मर्जीप्रमाणं एका वर्षाआड वारीला सोडावं, त्या दिवसांचा पगार कापू नये. एक वर्ष धन्यानं जावं, एक वर्ष गड्यानं जावं. त्या वर्षी धन्यानं गोठा झाडावा. गोठा झाडतानाही नाम घेता येतं. सावता महाराजांना देव मळ्यात भेटला होता, हे विसरू नये.

दुसरी. गावात सप्ता असेल त्या दिवशी रानातल्या खोपीवर जाऊन आमंत्रण द्यावं, जसं पाव्हण्याला देतो तसं. पंगतीत एका ओळीत बसवावं. नाव विचारावं, गाव विचारावं. कौल म्हणजे तरी काय होतं? 'या, बसा, राबा, तुम्ही आमचे' हा शब्दच होता.

तिसरी. वर्षातनं एकदा तरी इर्जिक घालावी. ट्रॅक्टर असू द्या. गावात एखादी विधवा बाई असते, एखादा अंथरुणाला खिळलेला असतो, एखाद्या घरचा कर्ता पुरुष कर्जापायी स्वतःचा जीव घेऊन गेलेला असतो. पालखी निघायच्या आधी त्या घरची पेरणी दिंडीनं मिळून करावी. मग टाळ हातात घ्यावेत. तुकोबांनी खतं पाण्यात सोडली. आपल्याच्यानं तेवढं होणार नाही. पण एका घरची पेरणी तर होईल?

हे झालं तर पुढच्या १०० वर्षांत दिंडी राहील. जमीन राहील का नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. दुर्गादेवीनं मुलूख ओस केला, गाढवाच्या नांगरानं पुणं ओस केलं, आणि दर वेळी चार परकी माणसं एकमेकाचे बैल एका नांगराला जुंपून पुन्हा उभी राहिली. त्यांना मिराशी नंतर मिळाली, शेजार आधी मिळाला. आपणही आधी शेजार मिळवू या.

फार बोललो. पुढं मुक्काम लांबचा आहे, घाट चढायचाय, पाऊसही भरून आलाय. पेरा झालेल्यांच्या रानावर तो पडू दे आणि ज्यांना रान नाही त्यांच्याही चुलीपर्यंत त्याचं पीक पोचू दे, एवढं पांडुरंगाला मागतो आणि थांबतो.

रामकृष्ण हरी.